वीस गुणांची दया

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत महाराष्ट्राच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यांतील एक तरतूद वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली, तिजवर चार दिवस गलबला झाला, आणि पुढें दिवाळी व विधानसभेची निवडणूक हीं दोन्हीं लागोपाठ आल्यामुळें ती लोकांच्या विस्मरणांतहि गेली. तरतूद अशी होती कीं, दहावीच्या परीक्षेंत गणित व विज्ञान या विषयांत उत्तीर्ण होण्यास शंभरांपैकीं ३५ गुण लागतात; तेथें ज्या विद्यार्थ्यास ३५ मिळाले नाहींत, पण निदान २० मिळाले आहेत, त्यास अकरावीचा मार्ग मोकळा करून द्यावा. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर असा शेरा असावा कीं, यास पुढें गणित अगर विज्ञान यांवर आधारलेलें शिक्षण घेतां येणार नाहीं. ज्यास हा शेरा नको असेल त्यानें पुन्हा परीक्षेस बसावें. खात्याकडून लगेच असाहि खुलासा झाला कीं, ही व्यवस्था नवा अभ्यासक्रम अमलांत येईल तेव्हांची आहे. तोंवर ३५ गुणांचा नियम जसाचा तसा राहील. म्हणजे प्रश्न मिटला नाहीं, लांबणीवर पडला. लांबणीवर पडलेल्या प्रश्नाचा विचार शांतपणें करितां येतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम हातीं घेत आहों.

या तरतुदीच्या पाठीमागें दुष्ट हेतु आहे असें आम्ही क्षणभरहि म्हणत नाहीं. गणितांत नापास झाला म्हणून शाळा सुटली, शाळा सुटली म्हणून मुलगा हॉटेलांत किंवा वीटभट्टीवर गेला आणि मुलीचें लग्न ठरलें, हें आमच्या खेड्यापाड्यांतून नित्य घडणारें आहे. ज्या मुलीस भाषा उत्तम येते, चित्रकला येते, तिला बीजगणिताच्या एका पेपरामुळें घरीं बसविणें हा कांहीं न्याय नव्हे. तेव्हां तिच्यासाठीं एखादी वाट काढावी ही कल्पना दयेची आहे, व ज्यांस ती सुचली त्यांच्या दयाळूपणाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु दया निराळी आणि दस्तऐवज निराळा. दया कोणत्या कागदावर उतरली, त्या कागदावर सही कोण करितो, आणि त्या सहीनें तो काय गमावितो, हें पाहिल्यावांचून निदान वकिलानें तरी मान डोलवूं नये.

येथें सही करणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे. आमच्या व्यापारी वाचकांस हें सांगावयास नकोच कीं, अठरा वर्षांखालील मनुष्य कायद्यानें अज्ञान समजला जातो. १८७२ च्या कराराच्या कायद्याखालीं त्यास करार करण्याची पात्रताच नाहीं, आणि प्रीव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरी बीबीच्या खटल्यांत असा करार मुळापासूनच शून्य ठरविला, तें तत्त्व आजहि आमच्या न्यायालयांत मान्य आहे. अज्ञानानें गहाणखत लिहून दिलें तर सावकारास त्यावर उभें राहतां येत नाहीं. त्याच अज्ञानाकडून मात्र वैद्यकी, यंत्रविद्या, शास्त्रीय शेती, संगणकविद्या इतक्या सगळ्या धंद्यांवरील हक्क एका शेऱ्यानें काढून घ्यावा, आणि त्या व्यवहारास सवलत असें नांव द्यावें! आमच्या मतें हें सवलतपत्र नसून हक्कसोडपत्र आहे. फेरपरीक्षेचा पर्याय ठेविला आहे हें खरें. पण तो पर्याय कोण घेईल? ज्याच्या बापास आणखी एक वर्ष मुलास घरीं पोसतां येतें व शिकवणीची फी भरतां येते, तो घेईल. ज्यास तें जमत नाहीं तो शेरा घेईल, आणि हायसें वाटून घेईल. दुःख आहे तें हेंच.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती चर्चेंत कोणी फारशी काढली नाहीं. या विषयांच्या शंभर गुणांपैकीं ८० लेखी परीक्षेचे व २० शाळेनें स्वतः द्यावयाचे अशी वांटणी आहे. वही, गृहपाठ, प्रात्यक्षिक इत्यादींचे हे गुण शाळा बहुधा सढळ हातानें देतात, हें पालक, शिक्षक व परीक्षक या तिघांसहि ठाऊक आहे. मग ज्या मर्यादेवर हा नवा दरवाजा उघडावयाचा, ती मर्यादा जवळजवळ शाळेच्याच हातीं आली. ज्या शाळेनें दहा वर्षांत गणित नीट शिकविलें नाहीं, तिनेंच अखेरीस वीस गुणांची शिदोरी बांधून मुलास वाटेस लावावें. आणि शेरा मात्र मुलाच्या नांवावर पडावा, शाळेच्या नांवावर नव्हे.

खरें पाहतां हें ऋण दहावींत उत्पन्न झालेलें नाहीं. ग्रामीण भागांतील मुलांस घरोघर जाऊन वाचन व हिशेब विचारणारी ‘असर’ नांवाची पाहणी गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. तिच्या २०२४ च्या अहवालांत असें दिसून आलें कीं, भारतांतील ग्रामीण शाळांच्या पांचवींतील शंभर मुलांपैकीं सुमारें ३१ मुलांसच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागितां आलें. आठवींतील शंभरांपैकीं सुमारें ४६ मुलांस तें साधलें. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलें भागाकार न येतां आठवी ओलांडतात, आणि दोन वर्षांनीं त्यांस वर्गसमीकरण विचारलें जातें. दुकानदाराच्या वहींत पांच वर्षें जमेची नोंदच झाली नसेल, तर सहाव्या वर्षीं ताळेबंद जुळला नाहीं म्हणून मुनीमाच्या मुलास दोष देण्यासारखें हें आहे.

गणित हें कांहीं आमच्या लोकांस परकें नाहीं. जुन्या पंतोजीच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेत आणि तोंडीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. पेढीवर बसणाऱ्या आमच्या कांहीं वृद्ध वाचकांस ते पाढे अजून येतात, आणि नातवाच्या यंत्राआधीं त्यांचें उत्तर येतें. पण त्या शाळेच्या ओट्यावर बसावयास कोणास मिळे? ज्यांच्या घरीं दौत, लेखणी अगर तराजू होता त्यांच्या मुलांस. कुणब्याच्या, महारामांगाच्या मुलांस नाहीं, आणि मुलींस तर कोणत्याच घरच्या नाहीं. पुढें १८२० नंतरच्या दशकांत जॉर्ज जर्व्हिस यांच्या खटपटीनें पाश्चात्त्य गणिताचीं पुस्तकें मराठींत उतरलीं. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनीं एल्फिन्स्टनमध्यें अध्यापन केलें, केरो लक्ष्मण छत्रे यांनीं कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरी धरून स्वतःच्या बुद्धीनें गणित व ज्योतिष यांत प्राविण्य मिळविलें. त्याच एल्फिन्स्टनमध्यें दादाभाई नौरोजी हे गणिताचे प्राध्यापक झाले. दादाभाईंचे वडील ते लहान असतांच वारले होते, घरची स्थिति गरिबीची होती. त्या वेळचें शिक्षण मोफत होतें म्हणूनच आपण शिकूं शकलों, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. फीच्या दोन रुपयांसाठीं हा मुलगा शाळेबाहेर राहिला असता, तर हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब इंग्रजांच्या तोंडावर मांडणारा मनुष्य आम्हांस कोठून मिळाला असता?

परंतु अशीं उदाहरणें देऊन आमचे लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डीसारख्या लहान गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, हें आम्ही अभिमानानें सांगतों. पण त्या मुर्डीच्या आसपास किती मुलें त्रैराशिकापर्यंतहि पोंचलीं नाहींत, हें कोणी मोजलें नाहीं. एक रँग्लर निघाला म्हणजे शाळा चांगली, हें माप चुकीचें आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हाच मुद्दा रोकड्या शब्दांत मांडला होता: सरकारचा महसूल बहुतांशीं शेतकऱ्याच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचें करावें अशी त्यांची मागणी होती, आणि त्यांनीं सुचविलेल्या अभ्यासक्रमांत हिशेबाबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञानहि होतें. शाळेंतलें ज्ञान शेताच्या बांधापर्यंत गेलें पाहिजे, ही कल्पना आज जी नवी म्हणून मिरविली जाते ती एवढी जुनी आहे.

त्यानंतरचा इतिहास कायद्याचा आहे, व तो आम्ही थोडक्यांत सांगतों. फर्ग्युसनमध्यें गणित शिकविलेले व अंकगणिताचें पुस्तक लिहिलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणिलें. १९१२ च्या मार्चांत तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. तें परकी राज्य होतें, म्हणून आम्ही त्यास शिव्या दिल्या. पुढें स्वतःचें राज्य आलें, आणि घटनेच्या ४५ व्या कलमांत लिहिलें गेलें कीं दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्यानें प्रयत्न करावा. ती मुदत १९६० सालीं संपली. मुदतीचा कायदा सरकारच्या वचनांस लागू असता तर काय झालें असतें याची कल्पनाच केलेली बरी! शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती, आणि त्या हक्कास कायद्याचें रूप येण्यास २००९ साल उजाडावें लागलें. अंमल १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला.

पण या सर्व काळांत एक महत्त्वाचा ठराव झालेला होता, तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. १९६४ ते ६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें असें सांगितलें कीं शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान हे विषय प्रत्येक मुलास सक्तीचे असावेत. आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानें तें स्वीकारलें. त्यापूर्वीं मुलींस गणिताऐवजीं गृहशास्त्र घेऊं देण्याची चाल ठिकठिकाणीं होती. हंसाबेन मेहता यांच्या समितीनें, मुलगा-मुलगी म्हणून अभ्यासक्रमांत भेद करूं नये, असें १९६४ च्या अहवालांत बजाविलें होतें. गृहशास्त्राचा पर्यायहि दयेनेंच दिला होता. मुलींच्या नाजूक डोक्यास ताण नको म्हणून! त्या दयेनें दोन पिढ्यांतील किती स्त्रियांस डॉक्टर व इंजिनिअर होतां आलें नाहीं, याची नोंद कोणत्या गुणपत्रिकेवर आहे? वीस गुणांचा शेरा वाचतांना आम्हांस राहून राहून त्या पर्यायाची आठवण होते.

आतां मुलास गणित कां येत नाहीं याकडे वळूं. आमच्या मध्यमवर्गीय मंडळींत याचें ठराविक उत्तर आहे: डोकें नाहीं. या उत्तराची एक परीक्षा नुकतीच झाली, आणि ती आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य समजून घ्यावी. नोबेल पारितोषिक मिळविलेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत भाजी वगैरे विकणाऱ्या मुलांस तपासलें. त्यांचा निबंध २०२५ च्या फेब्रुवारींत ‘नेचर’ या नियतकालिकांत आला. हीं मुलें पावणेदोन किलो हें नि आठशें ग्रॅम तें अशा चालीचे व्यवहार कागदाशिवाय तोंडीं करीत व बाकी बरोबर परत देत. तींच मुलें शाळेच्या पद्धतीनें मांडलेल्या साध्या वजाबाकी-भागाकारांत अडखळत. उलट शाळेंत नियमित जाणाऱ्या मुलांस पाटीवरचें गणित जमे, पण बाजाराचा हिशेब तोंडीं सुटेना. डोकें दोघांसहि आहे. मग उणें काय आहे? बाजारांतलें गणित आणि फळ्यावरचें गणित एकच आहे, हें दाखवून देणारा मनुष्य मधें नाहीं. मंडईंत ज्या मुलीशीं आपण दोन रुपयांसाठीं घासाघीस करितों आणि हरतों, तिला गणिताचें डोकें नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं.

तो मनुष्य म्हणजे शिक्षक. २००९ च्या कायद्यास जोडलेलें परिशिष्ट फार थोडे लोक वाचतात. त्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, सहावी ते आठवी या वर्गांसाठीं दर वर्गास निदान एक शिक्षक असावा, आणि ते अशा प्रकारें असावेत कीं विज्ञान व गणित यांस एक, समाजशास्त्रास एक आणि भाषांस एक असा निदान एकेक शिक्षक असेल. ‘शक्य असल्यास’ असे शब्द तेथें नाहींत. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरांतहि गणित-विज्ञान हा गट म्हणूनच वेगळा ठेविला आहे. असें असतां प्रत्यक्ष काय दिसतें? जिल्हा परिषदेच्या लहान शाळेंत दोन शिक्षक. त्यांतील एकाकडे मुख्याध्यापकी, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती भरणें आणि निवडणुकीच्या याद्या. दुसरा मराठींत अगर इतिहासांत पदवी घेतलेला, तो बिचारा प्रामाणिकपणें गणिताचें पुस्तक आदल्या रात्रीं वाचून दुसऱ्या दिवशीं शिकवितो. शिक्षकांवर खापर फोडणें आमच्या लोकांस आवडतें. पण भरती वर्षानुवर्षें रखडवावयाची, रिकाम्या जागा कंत्राटी हातांनीं भरावयाच्या, आणि मग गुरुजींस विज्ञान येत नाहीं म्हणावयाचें, ही आमच्या मतें मालकाची लबाडी आहे.

लहान शाळांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, हें आम्ही मान्य करितों. २०२३ सालीं वीसांपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची योजना सरकारनें पुढें मांडली, तेव्हां अशा शाळा राज्यांत चौदा हजारांहून अधिक निघाल्या. सरकारचें म्हणणें असें कीं, चार शाळांच्या चार खोल्यांत अर्धवट शिकविण्यापेक्षां एका मोठ्या शाळेंत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा व मैदान द्यावें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण नंदुरबारच्या अगर वेल्ह्याच्या डोंगरांत पावसाळ्यांतला ओढा सरकारी आराखड्यांत दिसत नाहीं. बस बंद पडली कीं मुलगा चालत जाईल, मुलगी घरीं राहील. चौदा वर्षांखालील मुलास घराजवळ शाळा मिळणें हाहि त्याच कायद्यानें दिलेला हक्क आहे, आणि एका हक्कासाठीं दुसरा गहाण टाकण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मुलांस शिक्षकाकडे नेण्यापेक्षां शिक्षकास मुलांकडे न्यावें. तीन-चार जवळच्या शाळांस मिळून गणित-विज्ञानाचा एक पुरा पगारी शिक्षक नेमावा, त्यास प्रवासखर्च व साहित्याची पेटी द्यावी, आणि प्रत्येक शाळेचे वार ठरवून द्यावेत. आठवडी बाजार ज्या न्यायानें गांवोगांव फिरतो त्याच न्यायानें हें होऊं शकेल, आणि चौदा हजार शाळांच्या मुलांस बसमधून हिंडविण्यापेक्षां त्यांत धोका खचित कमी आहे.

प्रयोगशाळा नाहीं म्हणून विज्ञान नाहीं, अशीहि एक सबब ऐकूं येते. ती सबब मध्यप्रदेशांतील होशंगाबादनें खोटी ठरविली. १९७२ सालीं किशोर भारती व रसूलियाचें मित्रमंडळ केंद्र या दोन संस्थांनीं तेथील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, मुलांनीं स्वतः प्रयोग करून शिकावें, असा उपक्रम सुरू केला. भिंग, चुंबक, काडेपेटी, झाडाचीं पानें, शेतांतली माती एवढ्या भांडवलावर. दिल्ली विद्यापीठ व टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून शिकवीत. परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्याची परवानगी असे, कारण पाठांतर तपासावयाचेंच नव्हतें. १९७८ सालीं तो सर्व जिल्ह्यांत गेला, पुढें ‘एकलव्य’ संस्थेच्या हातीं सुमारें एक हजार शाळांपर्यंत वाढला. आणि २००२ सालीं सरकारनें एका हुकुमानें तो बंद केला. तीस वर्षें चाललेलें काम, मुलें मागे पडतात अशा तक्रारीवरून बंद पडलें! आमच्या येथें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेंहि, वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालीं, मुंबई महापालिकेच्या शाळांतील गरीब वस्तींच्या मुलांबरोबर अशाच निष्ठेनें काम केलें. त्यांतून निघालेली एक गोष्ट फार महत्त्वाची होती: तोच विज्ञानाचा धडा मुलांस कळेल अशा सोप्या भाषेंत लिहिला कीं त्यांची समज वाढते. म्हणजे विषय अवघड नव्हता, आमची पुस्तकी मराठी अवघड होती. अग्रलेख लिहिणारांनींहि हें कानाआड करूं नये.

भाषेचा मुद्दा निघाला म्हणून २०१९ चा तमाशा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत तेवीस ही संख्या ‘वीस तीन’ अशीहि वाचतां यावी अशी सोय केली होती. मराठींत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव हीं नांवें तोंडांत आलटून पालटून येतात; लिहितांना दशक आधीं, बोलतांना एकक आधीं. घरीं कोणी पाढे म्हणून न घेणाऱ्या मुलाचा येथें पहिलाच पाय घसरतो. कानडी व तेलुगू मुलांस हा त्रास नाहीं. त्या समितीच्या अध्यक्षा गणितज्ञ मंगला नारळीकर यांनीं हें परोपरीनें समजावून सांगितलें. पण विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत त्यांची थट्टाच झाली. ज्यांच्या मुलांस मुळीं अडचण नव्हती, त्यांनीं ज्यांच्या मुलांस होती त्यांची सोय हाणून पाडण्यास भाषाभिमान पुढें केला. आमचा भाषाभिमान कोणाहून उणा नाहीं. पण याच अभिमानी मंडळींनीं आपल्या मुलांस सेमी-इंग्रजीच्या वर्गांत घातलें आहे, म्हणजे गणित व विज्ञान हे दोनच विषय मराठींतून काढून घेतले आहेत, हें पाहून आम्हांस हंसावें कीं रडावें कळत नाहीं. इंग्रजी यावें, पण ज्या शाळेंत तें शिक्षकासच धड येत नाहीं, तेथें अपूर्णांकहि इंग्रजींत शिकविल्यानें दोन्हीं बुडतात.

शहरांतील सुखवस्तु घरांचें यांत कांहीं अडत नाहीं. त्यांनीं आपला खासगी बंदोबस्त करून घेतला आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेचे विद्यार्थी महाविद्यालयांत नांव नोंदवून दिवसभर क्लासमध्यें बसतात, हा प्रकार इतका वाढला कीं २०१८ सालीं सरकारास बोटांच्या ठशांनीं हजेरी घेण्याचा हुकूम काढावा लागला. ठसे उमटले, मुलें क्लासकडेच गेलीं. लाखों रुपये फी भरून जें विकत घ्यावें लागतें त्यास गुणवत्ता म्हणावयाचें, आणि ज्यास तें घेतां आलें नाहीं त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा मारावयाचा, अशी ही एकंदर व्यवस्था आहे.

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, सर्वांस सारखें शिकवूं गेल्यास हुशार मुलें मागें पडतील. हा आक्षेप काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरानें २०१४ सालीं समतेच्या नांवाखालीं आठवीच्या वर्गांतून बीजगणितच काढून टाकिलें. सधन पालकांनीं खासगी शिकवण्या लावल्या, गरिबांची मुलें तेवढीं राहिलीं, आणि दहा वर्षांनीं, २०२४ सालीं, शहराच्या शिक्षणमंडळानें तें परत आणण्याचा निर्णय घेतला व मतदारांनींहि मोठ्या बहुमतानें तसाच कौल दिला. शिडी आंखूड केली कीं सर्व समान होतात, ही समजूत तेथें फसली. त्याच देशांत मिसिसिपींत निग्रो मतदारांची नोंदणी करण्यासाठीं मार खाल्लेले रॉबर्ट मोझेस यांनीं १९८२ सालीं बीजगणिताची चळवळ उभारली ती अगदीं उलट विचारानें: ज्या काळांत सर्व धंदे गणितावर चालतात त्या काळांत बीजगणित न येणें म्हणजे मताचा हक्क नसण्यासारखें आहे, म्हणून तें सर्वांत मागें पडलेल्या मुलांसच आधीं व जास्त शिकवावें. आमच्या वीस गुणांच्या योजनेस या दोन वाटांपैकीं पहिलीच वाट जवळची आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मुलास अकरावींत जाऊं द्यावें, पण तो शेरा काढून टाकावा. कोणत्या शिक्षणक्रमास किती गणित लागतें हें त्या शिक्षणक्रमाच्या दाराशीं, त्या वेळीं तपासावें. सोळाव्या वर्षीं कमी पडलेला मुलगा विसाव्या वर्षीं शिकूं शकत नाहीं असा कायदा सृष्टीनें केलेला नाहीं. आणि शेरा मारावयाचाच असेल तर तो शाळेच्या दाखल्यावर मारावा: या शाळेंत सहावी ते आठवीस गणित-विज्ञानाचा अर्ह शिक्षक इतके महिने नव्हता.

ही शेवटची गोष्ट आमच्या वाचकांस आजच करितां येण्याजोगी आहे. २००९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानें प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेंत व्यवस्थापन समिति नेमिली आहे, तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ३२ व्या कलमाप्रमाणें मुलाच्या हक्कासंबंधीं लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे खेड्यांत जिल्हा परिषदेकडे व शहरांत नगरपालिका-महानगरपालिकेकडे करितां येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जातें. अर्जांत एवढेंच लिहावें: आमच्या शाळेंत सहावी ते आठवीस गणित व विज्ञान शिकविण्यासाठीं कोणाची नेमणूक झाली आहे, त्यांची अर्हता काय, आणि जागा रिकामी असल्यास ती केव्हांपासून व कां. या अर्जास मुद्रांक अगर वकील लागत नाहीं. ज्यांस मसुदा हवा असेल त्यांस तो आमच्या कचेरींत सकाळीं दहा ते बारा या वेळांत विनामूल्य मिळेल.